चाळिसाव्या वर्षी बेकार

दादासाहेब फाळके हे नाव मी पहिल्यांदा टीव्हीवर ऐकलं, तेही पुरस्काराचं नाव म्हणून. कुणीतरी म्हातारे कलाकार व्हीलचेअरवरून स्टेजवर येतात, राष्ट्रपती त्यांना शाल देतात, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. फाळके म्हणजे कोणी जुने मंत्री असावेत असं मला आठवीपर्यंत वाटत होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा हा एक तोटा. आम्हाला एडिसन पाठ, लुमिए बंधूसुद्धा एका धड्यात भेटले, पण नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस कधी भेटलाच नाही.

तो भेटला मागच्या वर्षी, आणि त्याला कारण माझे काका. काका एका कारखान्यात टूलरूम बघायचे. अठरा वर्षं. कंपनीने तो प्लांटच बंद केला आणि काका घरी बसले. वय त्रेचाळीस. घरात जो येईल तो एकच सल्ला द्यायचा, की आता जुनं सगळं विसर आणि नवीन काहीतरी शीक. काका मान डोलवायचे आणि पेपर उलटा-सुलटा करत बसायचे. अठरा वर्षं वाया गेली, असं ते एकदा आजीला म्हणाले. मी तेव्हा जर्नल पूर्ण करत शेजारच्या खोलीत होते. ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

त्याच सुमारास कॉलेजच्या फिल्म क्लबसाठी मला फाळक्यांवर पाच मिनिटं बोलायचं होतं. लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि वाचायला लागले, तर लक्षात आलं, की ज्या माणसाला आपण भारतीय चित्रपटाचा जनक म्हणतो, तो चाळिसाव्या वर्षी चक्क बेकार होता. तेही बायको, मुलं आणि डोळ्यांचं दुखणं पदरात असताना!

सुरुवातीपासून सांगते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. शास्त्र्यांच्या मुलाने शास्त्री व्हायचं, हा त्या काळचा सरळ रस्ता. पण धुंडिराजने 1885 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. तिथून मोठ्या भावाबरोबर बडोद्याला गेले आणि कलाभवनात शिकले. हे कलाभवन म्हणजे आजच्या भाषेत इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर आणि फाइन आर्ट एकाच छपराखाली. सयाजीराव महाराजांच्या राज्यात प्राध्यापक गज्जरांनी ते उभं केलं होतं. फाळके तिथे चित्रकला शिकले, मूर्तिकाम शिकले, थोडं वास्तुशास्त्र शिकले आणि फोटोग्राफीच्या नादाला लागले. गज्जरांना हा मुलगा इतका आवडला की त्यांनी कलाभवनाचा फोटो स्टुडिओच वापरायला दिला. मग रतलामला जाऊन तीन रंगांचे ब्लॉक बनवणं आणि फोटोलिथोग्राफी शिकून आले. म्हणजे फोटो दगडावर आणि धातूवर उतरवून छापायची पद्धत.

इथपर्यंत सगळं छान. सीव्ही बघून कोणीही म्हणेल की ह्या माणसाला नोकरीची काय कमी. पण पुढची वीस वर्षं वाचताना मला अक्षरशः दम लागला.

गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगची साथ आली आणि त्यात बायको आणि मूल दोन्ही गेले. स्टुडिओ सोडून परत बडोद्याला आले, तिथे पुन्हा फोटोचा धंदा मांडला. तिथे लोकांमध्ये अशी समजूत होती की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी होतं. गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. त्यात पैसे किती मिळाले देव जाणे, पण नाटक कसं उभं राहतं ते आतून बघायला मिळालं. कार्ल हर्ट्झ नावाचा परदेशी जादूगार दौऱ्यावर आला होता, त्याच्याकडून जादू शिकले आणि प्रोफेसर केल्फा ह्या नावाने खेळ करायला लागले. केल्फा म्हणजे काय? फाळके उलटं करून वाचा! (मराठी अक्षरं उलटी केली तरच नीट जमतं, इंग्रजीत जरा ओढाताण होते.)

1902 मध्ये दुसरं लग्न झालं. गिरिजा करंदीकर ह्या सरस्वतीबाई फाळके झाल्या. त्यांच्याकडे मी नंतर येणारच आहे, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धीच आहे.

1903 मध्ये एकदाची सरकारी नोकरी लागली. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन. पक्की नोकरी, दरमहा पगार. तीन वर्षं केली. मग वंगभंगानंतर स्वदेशीचं वारं सुटलं आणि 1906 च्या सुमारास फाळक्यांनी ती सोडली. लोणावळ्याला रा. गो. भांडारकरांच्या भागीत छापखाना काढला, फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईसाठी ब्लॉक बनवायचं काम होतं. देवादिकांची ती चित्रं तेव्हा घराघरात भिंतीवर लागत होती. पुढे छापखाना दादरला हलला, 1908 मध्ये पुरुषोत्तम मावजी हे नवे भागीदार आले आणि नाव झालं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. 1909 मध्ये फाळके स्वतः जर्मनीला जाऊन रंगीत छपाईचं यंत्र घेऊन आले. धंदा जोरात चालला. आणि नेमकं तेव्हाच भागीदाराशी बिनसलं. छापखाना कसा चालवायचा ह्यावर मतभेद वाढले आणि फाळके स्वतःच उभ्या केलेल्या छापखान्यातून हात हलवत बाहेर पडले. पैशांचा वाटाही घेतला नाही.

हे चूक की बरोबर मला ठरवता येत नाही. आमच्या घरात असं कोणी केलं असतं तर आजीने त्याला जेवायला वाढलं नसतं.

तर 1910-11 च्या सुमाराची परिस्थिती अशी. वय चाळीस. सरकारी नोकरी स्वतः सोडलेली, छापखाना गेलेला. दुसरे भांडवलदार नवीन छापखाना काढायला पैसे घेऊन तयार होते, पण ह्यांचं मनच त्यात लागेना. आणि मग त्यांनी गिरगावात तंबूत चाललेला एक चित्रपट बघितला. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा, मुका, परदेशी. तो बघता बघता त्यांना डोळ्यांपुढे कृष्ण दिसायला लागला, राम दिसायला लागला. आपले देव असे पडद्यावर हलताना का दिसू नयेत? दुसऱ्यांदा गेले ते सरस्वतीबाईंना घेऊन.

मला वाटतं आपण ही गोष्ट नेहमी इथे चुकीची सांगतो. म्हणजे वीज चमकली आणि एका रात्रीत फाळके बदलले, अशी. पण तो चित्रपट त्या तंबूत शेकडो लोकांनी बघितला असेल. त्यातल्या किती जणांना फोटोची काच धुता येत होती? किती जणांना डार्करूमची केमिकल्स माहीत होती, नाटकाचा पडदा रंगवता येत होता, पुतळा घडवता येत होता, हातचलाखीने वस्तू गायब करता येत होती, आणि रविवर्म्याचे देव कसे दिसतात ते ब्लॉक कोरून कोरून पाठ झालं होतं? बाकीच्यांना पडद्यावर चमत्कार दिसला. फाळक्यांना ते काम दिसलं, आणि त्या कामाचे बरेचसे भाग आपण आधीच शिकलोय हेही दिसलं असणार. गोध्र्यापासून दादरपर्यंत जे जे बुडालं ते सगळं एकदम उपयोगी पडायची वेळ आली होती.

न येणारी एकच गोष्ट उरली होती, कॅमेऱ्यातून चित्र हलतं कसं. ती शिकायला ते अक्षरशः वेड्यासारखे मागे लागले. एक छोटा कॅमेरा आणि रिळं मिळवली, भिंग आणि मेणबत्ती घेऊन भिंतीवर चित्र पाडायचा प्रयत्न करत बसले. रोज चार-पाच तास चित्रपट बघायचे. वर्षभर हे चाललं. झोप नाही, कमाई नाही. शेवटी डोळ्यांनी संप केला आणि काही काळ त्यांना दिसेनासंच झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार प्रकारच्या चष्म्यांनी दृष्टी परत आली. आणि परत आल्यावर त्यांनी काय केलं? परत सिनेमा बघायला गेले.

ह्या काळात घर कसं चाललं असेल ह्याचा विचार केला की मला फाळक्यांचा थोडा रागच येतो. विलायतेला जाऊन यंत्रं आणायची तर पैसे हवेत. आयुर्विमा उतरवलेला होता, बारा हजारांच्या पॉलिसी. त्या गहाण ठेवून दहा हजार उभे केले. म्हणजे आपल्यामागे बायको-मुलांसाठी जे होतं तेच डावावर लावलं. सरस्वतीबाई नाही म्हणू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या नाहीत.

1 फेब्रुवारी 1912 ला ते बोटीने लंडनला निघाले. तिथे कोणी ओळखीचं नाही. पिकॅडिलीत फिरताना बायोस्कोप ह्या साप्ताहिकाच्या ऑफिसची पाटी दिसली. हे साप्ताहिक ते मुंबईत वाचायचे. सरळ आत शिरले आणि संपादक केबर्न ह्यांना भेटले. केबर्नसाहेबांनी आधी त्यांना परावृत्तच केलं. इंग्लंडातच ह्या धंद्यात लोक बुडतायत, हिंदुस्थानच्या हवेत फिल्म टिकायची नाही, वगैरे. पण समोरचा माणूस ऐकणारा नाही हे बघून त्यांनीच पुढे ओळख करून दिली, ती सेसिल हेपवर्थ ह्या नामांकित निर्मात्याशी. हेपवर्थनी आपला सगळा स्टुडिओ फिरवून दाखवला. फाळक्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म घेतली, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि 1 एप्रिल 1912 ला मुंबईत परत. लंडनमधलं शिक्षण किती दिवसांचं? जेमतेम दोन आठवडे. आपण चार वर्षं शिकून व्हायवाला गप्प बसतो ते आठवून मी जरा वरमले.

आता त्या भोकांबद्दल. कच्ची फिल्म तेव्हा कडेला भोकं न पाडलेली यायची. भोकं नसतील तर कॅमेऱ्याचे दाते फिल्म पुढे ओढणार कसे? आणि हे काम करायचं अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म खलास. हे काम दादरच्या घरात रात्री चालायचं आणि ते सरस्वतीबाई करायच्या. मी एक हिशोब केला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात, प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार भोकं. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी 3,700 फूट. म्हणजे फक्त अंतिम चित्रपटाएवढ्या फिल्मला 4,73,600 भोकं! यंत्राने एका दाबात एकाहून जास्त पडत असतील असं धरलं तरी हात तो हातच. दिवसभर स्वयंपाक, मुलं, येणारेजाणारे, आणि रात्री हे. शिवाय त्या कॅमेऱ्यात फिल्म भरायला शिकल्या, फिल्म धुवायला शिकल्या. भारतातल्या पहिल्या फिल्म टेक्निशियन कोण, असा प्रश्न क्विझमध्ये विचारला तर मी त्यांचंच नाव सांगेन.

चित्रपट काढायचा तर अजून पैसे हवेत, आणि सावकारांना पटवायचं तर नमुना हवा. त्यासाठी फाळक्यांनी जे केलं ते मला सगळ्यात जास्त आवडलं. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा उभा केला आणि महिनाभराहून जास्त काळ त्या रोपाची चित्रं घेतली. 'अंकुराची वाढ' ह्या नावाची मिनिटभराची फिल्म झाली. दाणा फुटतो, कोंब वर येतो, बघता बघता वेल होतो. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की रोज एक चित्र घेतलं. पण मित्रांनो, हे गणित बसत नाही! सेकंदाला सोळा चित्रं धरली तर महिन्याची तीस चित्रं दोन सेकंदांत संपतात. मिनिटभराला साडेनऊशेच्या वर चित्रं लागतात. म्हणजे दिवसाला पंचवीस-तीस चित्रं घेतली असली पाहिजेत, तीही उजेड आणि कुंडी जागची न हलवता. बेकार माणसाच्या चिकाटीचं एवढं चांगलं मोजमाप मी दुसरं बघितलेलं नाही.

ती फिल्म बघून ओळखीच्यांपैकी काही जणांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. उरलेल्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

'राजा हरिश्चंद्र' कसा झाला ते बऱ्याच जणांनी मराठी सिनेमात बघितलंय, म्हणून लांबवत नाही. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही जाऊन विचारलं, कोणी तयार नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत अण्णा साळुंके नावाचा आचारी सापडला. नाजूक चण, लांब बोटं. खाणावळीत त्याला महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा दिले. आचाऱ्याची तारामती झाली. हाच साळुंके पुढे कॅमेरामन झाला. कॅमेऱ्यामागे होते त्र्यंबक तेलंग, फाळक्यांचे मित्र. त्यांना फाळक्यांनीच कॅमेरा शिकवला, कारण आधी शिकलेला माणूस होताच कुठे! लेखन, दिग्दर्शन, पडदे, वेशभूषा, धुलाई, जोडणी सगळं फाळके. युनिटचा सगळा स्वयंपाक सरस्वतीबाई. सहा महिने आणि सत्तावीस दिवस लागले. 21 एप्रिल 1913 ला ऑलिंपिया थिएटरात निवडक लोकांना दाखवला आणि 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी लागला. चालला.

पुढची चार-पाच वर्षं वर चढण्याची. नाशिकला मुक्काम हलवला. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई ह्या खऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या. 1914 मध्ये चित्रपट घेऊन ते परत लंडनला गेले, तिथे कौतुक झालं, तिथेच राहून काम करायची ऑफरही आली. ते परत आले. तेवढ्यात महायुद्ध पेटलं, पैसे देणारे मागे सरले, पुन्हा कर्ज. मग 1917 मध्ये 'लंकादहन' आला. आपला साळुंके त्यात राम पण झाला आणि सीता पण. त्याची गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. पडद्यावरचा मारुती उडतो, शेपूट पेटते, हे सगळं प्रोफेसर केल्फाच्या खात्यातलं.

इथेच संपवलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. मी फिल्म क्लबच्या भाषणात तसंच केलं, पाच मिनिटंच होती. पण काकांना सांगताना तसं जमलं नाही, कारण त्यांनी लगेच विचारलं की मग पुढे काय झालं.

पुढे असं झालं, की पैसा आल्यावर भागीदार आले. 1 जानेवारी 1918 पासून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' निघाले, दोन्हीत छोटा कृष्ण म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. आणि पुन्हा तेच, छापखान्यातलंच. भागीदारांना खर्चाचा हिशोब हवा, फाळक्यांना मोकळीक हवी. ते बाहेर पडले आणि कुटुंबाला घेऊन थेट काशीला जाऊन राहिले. तिथे सिनेमा सोडून 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. कंपनीने मिनतवाऱ्या करून त्यांना परत आणलं, त्यांनी अजून चित्रपट काढलेही, पण पहिली गंमत गेली होती. 1931 मध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलायला लागला. फाळके मुक्या चित्रपटाचे कारागीर. त्यांचा 'सेतुबंधन' मुका तयार झाला होता, त्याला नंतर आवाज चिकटवावा लागला. 1937 मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा एकच पूर्ण बोलपट केला. तेव्हा वय सदुसष्ट. मग नाशिक. 16 फेब्रुवारी 1944 ला ते गेले, तेव्हा सिनेसृष्टी त्यांना बरीचशी विसरून गेली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार त्यानंतर पंचवीस वर्षांनी सुरू झाला.

काका हे सगळं ऐकून गप्प बसले. भागीदारांबद्दल मात्र त्यांनी दोनदा विचारलं. हिशोबाच्या बाबतीत हा माणूस कच्चा होता असं त्यांचं मत पडलं. माझंही तेच आहे.

मग आम्ही दोघांनी कॉम्प्युटरवर 'चित्रपट कसे तयार करतात' ह्या फाळक्यांच्याच 1917 च्या फिल्मचा उरलेला तुकडा बघितला. त्यात ते स्वतः दिसतात. नटांना काहीतरी सांगतायत, आणि मग एका जागी बसून फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून तपासतायत. काकांनी तो भाग मागे नेऊन परत लावायला सांगितला. त्यांना चेहरा नाही, हात बघायचे होते.